तिसऱ्या दिवशीची मीटिंग

वडोदरा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कारखान्यात त्या रात्री अपघातात माणूस गेला, त्याबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "काका, सोमवारी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून मन मोकळं करायला सांगू का?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बसवू नकोस.

मी हे केलेलं आहे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतो तेव्हा वाफेची लाईन फुटली, एक हेल्पर भाजला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही पाळीतल्या २२ जणांना गोल बसवून एकेकाला विचारलं, काय पाहिलंस, काय वाटलं. ज्या फिटरने त्याला ओढून बाहेर काढलं होतं, तो बोलता बोलता थांबला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांनीही त्या दिवशी सगळं ऐकलं. फिटर पुढच्या आठवड्यापासून कामावर आलाच नाही. हेतू चांगला होता गं, पण आम्ही त्याला पुन्हा त्याच लाईनपाशी नेऊन उभं केलं.

ही पद्धत १९८३मध्ये जेफ्री मिचेल यांनी अमेरिकेत आणीबाणीच्या सेवांमधल्या लोकांसाठी मांडली होती. २००२मध्ये या पद्धतीच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अशा एकाच बैठकीने पुढचा त्रास टळत नाही असं दिसलं. भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत तर १३ महिन्यांनी, बैठक झालेल्यांमध्येच त्रास जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची पुस्तिका साधं सांगते: बघा, ऐका, जोडून द्या. कुणी आपणहून बोललं तर शेवटपर्यंत ऐक. नाही बोललं तर शेजारी बसून चहा पी.

मग करायचं काय? पहिल्या आठवड्यात माणसाला भावनांपेक्षा प्रश्न जास्त असतात. न आलेल्या दिवसांचा पगार कापणार का? गेलेल्याच्या घरी ई.एस.आय.चं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कोण बघतंय? अपघात झालेलं मशीन तपासल्याशिवाय चालू करणार का? याची खरी उत्तरं फलकावर लाव, गुजरातीत आणि हिंदीत. जे अजून ठरलेलं नाही, ते ठरलेलं नाही असंच लिही. आणि गेलेल्याचं लॉकर कुणाला न सांगता रिकामं करू नका. घरच्यांना बोलावून, त्याच्या सोबत्यांसमोर उघडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौकशी आणि विचारपूस एकाच माणसाने करू नये. फॅक्टरी इन्स्पेक्टरची फाईल तुझ्याकडे असेल, तर तुझ्याशी कुणी मनातलं बोलणार नाही. आपलं बोलणं जबाबात जाईल ही भीती प्रत्येकाला असते. फाईल सेफ्टीवाल्यांकडे दे आणि डायरी टेबलावर ठेवूनच शॉपफ्लोअरवर जा.

ठेकेदाराच्या माणसांना विसरू नकोस. दाहोदकडचे ते पोरगे मस्टरवर तुझे नाहीत, म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत. बहुतेक वेळा पहिले धावतात तेच. रात्रपाळीचा वॉचमन, गाडी चालवून दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर, फरशी धुणारी बाई, यांनाही भेट.

सुरुवातीला झोप न येणं, दचकणं, भूक मरणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. झोपेच्या गोळ्यांचं वाटप होऊ देऊ नकोस. त्या पहिल्या महिन्यात सरसकट देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१३मध्ये सांगितलंय. पण महिना उलटून जाईल तेव्हा साहेब विसरलेले असतील. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिही. त्या दिवशी कोण अजून त्या मशीनला वळसा घालून जातो, कोण चोरून पिऊ लागलाय, कोण बारीक आवाजाने उडतो ते बघ. त्याला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दे, फोन कुठल्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत. कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाचं नाव काढलं की लोक बिचकतात, म्हणून नुसती चिठ्ठी देऊ नकोस. पहिल्यांदा बरोबर जा.

आणि हो, त्या रात्री गेटवर तूही होतीस. फोनवर तू सगळ्यांचं सांगितलंस, स्वतःचं एक अक्षर नाही. रविवारी दांडिया बाजारात घरी ये. काकूने तुझ्यासाठी पुरणपोळी करायचं ठरवलंय. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर जेवून झोप.

तुझा,
काका