कोर्स कोणता करू? ऊर्जा क्षेत्रातल्या वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात प्रशिक्षणाबद्दलचे प्रश्न इतके आले आहेत, की हा अंक त्यांनाच दिला आहे. माझी नोकरी आधी कंट्रोल रूममध्ये आणि पुढे सिम्युलेटरवर (खऱ्या कंट्रोल रूमसारखं वागणाऱ्या सरावाच्या यंत्रणेवर) नव्या ऑपरेटरांना शिकवण्यात गेली. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

प्रश्न : ताई, मी औष्णिक वीजकेंद्रात शिफ्टला कंट्रोल पॅनेलवर असतो. यंदा कंपनी एका कोर्सचा खर्च देणार आहे. समोर तीन पर्याय आहेत : प्रोसेस सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स, सिम्युलेटरवरचा पाच दिवसांचा कोर्स आणि ऊर्जा व्यवस्थापनाची पदविका. सगळे म्हणतात पदविका कर, बढतीला कामी येईल. तुम्ही काय सांगाल?

सिम्युलेटर. पदविका पुढच्या वर्षीही मिळेल, ऑनलाइन कोर्समधलं बरंचसं तुम्ही वाचूनही समजून घ्याल. पण पॅनेलसमोर बसून चुकीचा निर्णय घ्यायचा आणि त्यातून काय होतं ते शेवटपर्यंत बघायचं, ही मुभा खऱ्या युनिटवर कोणीही देणार नाही.

थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राची हकिगत मी प्रत्येक बॅचला सांगत आले. २८ मार्च १९७९, पहाटे चारचा सुमार. स्टीम जनरेटरला पाणी देणारे पंप बंद पडले, टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, दाब वाढून रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, अणुभट्टीही ट्रिप झाली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो व्हॉल्व्ह मिटायला हवा होता, पण तो उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा पाहून मात्र व्हॉल्व्ह मिटला असंच वाटत होतं, कारण बंद होण्याचा आदेश गेला एवढंच तो दिवा सांगायचा. व्हॉल्व्ह खरोखर मिटला की नाही, हे त्याला कळायची सोयच नव्हती. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी बाहेर चाललं होतं आणि प्रेशरायझरची (दाब सांभाळणाऱ्या टाकीची) लेव्हल उलट वर चढत होती. ऑपरेटरांना प्रशिक्षणात बजावलेलं होतं, की प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही. त्यांनी नेमकं तेच पाळलं आणि आपत्कालीन पाणी कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ तो व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला.

ही माणसं परवानाधारक होती, परीक्षा पास झालेली होती. शिकवलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पण लेव्हल वर आणि दाब खाली, हे दोन्ही एकदम दिसलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे कुणी त्यांच्याकडून करून घेतलेलं नव्हतं. अशाच जातीच्या दुसऱ्या अणुभट्टीवर १९७७ साली जवळपास असाच प्रसंग घडून गेला होता, त्याचा धडाही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. या अपघातानंतर अमेरिकेत अणुवीज केंद्रांच्या प्रशिक्षणाची पद्धतच बदलली. प्रत्येक केंद्राच्या कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल असलेले सिम्युलेटर आले.

तुमच्याकडे अणुभट्टी नाही, पण बॉयलर ड्रम आहे, पाणी आणि वाफ वेगळी होते ती टाकी. लोड अचानक वाढला की ड्रमचा दाब पडतो, पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि लेव्हल चढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं. अशा वेळी घाबरून फीडवॉटर (ड्रमला जाणारं पाणी) कमी करणारा हात मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो हात हुशार माणसाचा असतो. लेव्हल अशी खोटी फुगण्याला 'स्वेल' आणि खोटी आक्रसण्याला 'श्रिंक' म्हणतात, पण हे शब्द वहीत लिहून तो हात थांबत नाही. दोन-चारदा सिम्युलेटरवर ड्रम रिकामा झाला, की थांबतो.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. तुमचा सिम्युलेटर खोटं रीडिंग देणारा ट्रान्समीटर (मापन पाठवणारं उपकरण), अडकलेला व्हॉल्व्ह, मुका झालेला अलार्म दाखवतो का? आणि प्रत्येक सरावानंतर चर्चेला किती वेळ ठेवता? पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून नुसतं स्टार्टअप आणि शटडाउन ऐकू आलं, तर तो कोर्स सोडा. मुक्या अलार्मचं मी उगाच म्हणत नाही. १४ ऑगस्ट २००३ ला उत्तर अमेरिकेत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी एका कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा बंद पडली होती आणि तासाहून अधिक काळ तिथल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे तिथल्या ग्रिड ऑपरेटरांना आणीबाणीच्या प्रसंगांचा वर्षाला किमान पाच दिवस सराव द्या, अशी शिफारस झाली. तुमचा कोर्सही पाच दिवसांचाच आहे. दर वर्षी मागा.

प्रश्न : मी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम केलं आहे, बोसिएट (समुद्रातल्या कामासाठीचं मूलभूत सुरक्षा आणि आणीबाणी प्रशिक्षण) झालेलं आहे. आता पवनऊर्जेत जायचं आहे. तेच प्रमाणपत्र चालेल का?

ते पुरेल असं धरून चालू नका. बोसिएट चार वर्षं चालतं आणि त्यातला महत्त्वाचा भाग हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, हा असतो. पवनऊर्जेत बहुतेक कंपन्या जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) या संस्थेचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण मागतात. त्यात उंचीवरचं काम, प्रथमोपचार, आग, ओझं उचलणं आणि समुद्रासाठी सागरी बचाव असे भाग असतात आणि ते दोन वर्षांनी ताजं करावं लागतं. टॉवरवर बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला दोरावरून खाली आणायचं काम तुम्ही आजवर केलेलं नसणार. ते मनापासून शिका.

प्रश्न : मी बरीच वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. आता सोलर प्लांटवर बदली झाली. साहेब म्हणतात तुला वेगळं काही शिकायची गरज नाही, वीज ती वीज. खरंच गरज नाही का?

आहे आणि तातडीने आहे. साहेबांना हे उत्तर दाखवा.

तुमचा हात ज्या सवयीवर चालतो, ती अशी : पुरवठा तोडा, पुन्हा चालू होणार नाही असं कुलूप-टॅग लावा, वीज नाही याची खात्री करा, अर्थिंग करा, शेजारच्या चालू भागांना आडोसा घाला. या पाच पायऱ्या सोलरलाही लागू आहेत. पण पहिलीच पायरी इथे अर्धी राहते. ब्रेकर पाडलात तरी पॅनेलवर ऊन आहे तोवर स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) व्होल्टेज आहे. मोठ्या प्लांटवर ते १५०० व्होल्ट डीसीपर्यंत जातं.

एसीचा प्रवाह प्रत्येक सायकलमध्ये दोनदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला मदत होते. डीसीला तो शून्य नाही. लोड असताना कनेक्टर ओढलात तर तिथे लागलेला आर्क (सलग पेटती ठिणगी) आपणहून विझेल असं समजू नका. तुम्हाला सगळ्यात विचित्र वाटेल ती गोष्ट वेगळीच आहे : सोलर स्ट्रिंगचा शॉर्ट सर्किट करंट नेहमीच्या करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो. एसीत शॉर्ट झाला की फ्यूज उडणार, हा तुमचा विश्वास इथे दगा देतो. दोष तसाच चालू राहतो, तापत राहतो. वेगवेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडले, तर त्या सांध्यातूनही आगी लागतात.

कोर्स निवडताना प्रत्यक्ष स्ट्रिंगवर, भर उन्हात, तुमच्या हातून मापन करून घेणारा निवडा. मीटर आणि लीड त्या डीसी व्होल्टेजला चालतात का, हे पहिल्या तासाला तपासायला लावणारा शिक्षक चांगला समजा. प्लांटवर बॅटरी असेल तर तिचं प्रशिक्षण वेगळं मागा. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लिथियम बॅटरीच्या साठवण केंद्रात बिघाड झाला. आत ज्वलनशील वायू साठला होता, दार उघडल्यावर काही वेळात स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. जळणाऱ्या गोष्टीचं दार कधी उघडायचं नाही, हे शिकवायलाच लागतं.

प्रश्न : मी देखभाल विभागाचा प्रमुख आहे. दर वर्षी माणसांना कोर्सना पाठवतो, सगळे फीडबॅक फॉर्मवर 'उत्तम' लिहितात. उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं?

फॉर्मवरून नाही ओळखता येत. माणूस खूश झाला का, शिकला का, कामाची पद्धत बदलली का आणि त्यातून प्लांटचं काही भलं झालं का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. फॉर्म पहिल्यापाशीच थांबतो. तुम्ही तिसरा धरा. परमिट सिस्टिमच्या (काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घेण्याच्या पद्धतीच्या) कोर्सला माणूस पाठवलात ना? मग तीन महिन्यांनी त्याने लिहिलेली परमिट काढून बघा. शिफ्ट बदलताना तो पुढच्या माणसाला काय सांगतो, ते बाजूला उभं राहून ऐका.

पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री हेच कमी पडलं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, जागी नुसती झाकणाची फ्लँज होती. पंपाचं परमिट एक, व्हॉल्व्हचं दुसरं. दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीने पहिला सुरू करायला घेतला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. १६७ माणसं गेली. चौकशी अहवालाने १०६ शिफारशी केल्या. परमिट पद्धत तिथे कागदावर होती. ती रोज कशी वापरली जाते हे बघणारं कुणी नव्हतं आणि परमिटचं नीट प्रशिक्षणही नव्हतं. मला या घटनेचा अजून राग येतो, कारण यात न समजणारं असं काही नाही.

आणखी एक. कोर्सहून परतलेल्या माणसाला तिथे शिकलेली पद्धत वापरायला वेळ द्या. 'इथे असं चालत नाही' हे वाक्य त्याने पहिल्याच दिवशी ऐकलं, तर तुमचे पैसे गेले.

प्रश्न : निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. बॉयलरवर आयुष्य गेलं. आता मला ट्रेनिंग सेंटरला घेतलं आहे, पण वर्गासमोर बोलता येत नाही. नकार देऊ का?

दादा, नकार देऊ नका. वर्गात बोलणारे पुष्कळ मिळतात. ट्यूब फुटताना आधी काय ऐकू येतं, हे माहीत असलेली माणसं मोजकी आहेत. मुलांना बॉयलरजवळ न्या, एक प्रसंग सांगा आणि विचारा, आता काय कराल? मग गप्प बसा. हे अवघड आहे, त्यांचा हात चुकीच्या व्हॉल्व्हकडे वळताना तुमच्या तोंडून शब्द निघेल. सरावात तो निघू देऊ नका. खऱ्या युनिटवर अर्थातच लगेच थांबवा. सराव संपल्यावर 'चुकलास' म्हणण्याआधी 'तुला त्या वेळी काय दिसत होतं?' एवढं विचारा. स्लाइड करता येत नसतील तर त्यांच्याकडूनच करून घ्या, ते ती मिनिटांत करतील. आणि तुमच्या शिफ्टच्या जुन्या लॉगबुकांच्या प्रती मिळत असतील तर आत्ताच परवानगी काढून ठेवा, निवृत्तीनंतर त्या हाती लागणार नाहीत.