तुम्ही विचारा: सोलापूरकर निघाले लास व्हेगासला!

प्रश्न: मुलगा लॉस एंजेलिसला असतो. जुलैमध्ये आम्ही दोघं चाललोय तर तो म्हणतोय दोन रात्री लास व्हेगास करून येऊ. ह्यांना बदाम सातच्या पुढं पत्ते येत नाहीत आणि माझ्या गळ्यात माळ. बरोबर 12 वर्षांचा नातू. जुगाराच्या गावात आमच्यासारख्यांनी करायचं काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काकू, खुशाल जा. नेवाडा राज्यात 1931 पासून जुगार कायदेशीर आहे, पण कुणी हाताला धरून बसवत नाही. तिथं बघायची ती हॉटेलं. स्ट्रिप म्हणतात तो पावणेसात किलोमीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना एकेक अजब प्रकार, एक हॉटेल पिरॅमिडच्या आकाराचं, एकासमोर अर्ध्या उंचीचा आयफेल टॉवर, आणि व्हेनेशियनमध्ये तर छतावर आभाळ रंगवलंय आणि खाली कालव्यात नावाडी गाणी म्हणत नाव चालवतो. आत जाऊन बघायला तिकीट नाही (नावेत बसायला आहे). बेलाजिओचे कारंजे चुकवू नका, पाणी 140 मीटरपर्यंत उडतं, गाण्याच्या तालावर, संध्याकाळनंतर साधारण दर पाव तासाला, आणि तेही फुकट. फक्त वारं सुटलं की खेळ रद्द करतात. कारंजे बघून झाले की त्याच हॉटेलात आतली फुलांची बाग बघा, ती बघायलाही पैसे नाहीत.

आता नातवाचं. 21 वर्षांखालच्याला कसिनोतून चालत जाता येतं, थांबता येत नाही. आणि गंमत अशी की लिफ्टकडं जा नाहीतर जेवायला जा, बऱ्याच हॉटेलांत वाट जुगाराच्या मशीनांच्या मधूनच काढलेली असते, मुद्दामच. त्यामुळं आजोबा एखाद्या मशीनशी रेंगाळले आणि नातू शेजारी उभा राहिला की सिक्युरिटीवाला येऊन पुढं व्हा म्हणणारच. फ्रेमोंट स्ट्रीट म्हणजे जुनं व्हेगास, वर अख्ख्या रस्त्यावर दिव्यांचं छत, खाली आपल्या गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी नि गोंगाट, पण पोराला घेऊन लवकर जा, रात्री उशिरा नको. आणि रस्त्यावर पिसांचा मुकुट घालून किंवा कार्टूनचं सोंग घेऊन उभे असतात त्यांच्याबरोबर फोटो काढला की पैसे मागतात, आधी ठरवा नाहीतर हात जोडून पुढं चला.

ऊन आम्हाला काय नवीन, असं म्हणू नका! ते मोहावी वाळवंट आहे, 7 जुलै 2024 ला तिथं 48.9 अंश झालं होतं, आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. फुटपाथवर पाय भाजून दवाखान्यात जाणारे असतात म्हणून अनवाणी दोन पावलंही नको. समोर दिसणारं हॉटेल गाठायला वीस मिनिटं लागतात, कारण इमारती अवाढव्य असल्यानं जवळ वाटतात. दुपारी एसीत झोपा, संध्याकाळी निघा.

पैशाचं मुलाला विचारा: रूमचं भाडं रिसॉर्ट फी धरून आहे ना? ही फी दर रात्रीला बऱ्याचदा 40-50 डॉलर किंवा जास्तही असते, द्यावीच लागते. शुक्रवार-शनिवार टाळलेत तर भाडं पुष्कळ कमी पडतं. आणि खोलीतल्या फ्रिजमधल्या बाटलीला हात लावू नका, बऱ्याच ठिकाणी खाली सेन्सर असतो, नुसती उचलून बघितली तरी बिलात येते. चहाची किटलीही बहुतेक नसते, तेव्हा मुलाच्या घरूनच छोटी किटली घ्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर तुम्ही न सांगता नेणारच! फक्त अमेरिकेत उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगा, लपवलं तर दंड.

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी व्हेगासला चाललोय. रुलेटवर (फिरत्या चाकाचा जुगार) लाल रंगावर लावायचं, हरलो की डबल, परत हरलो की परत डबल, कधीतरी लाल येणारच आणि सगळं वसूल. मित्र म्हणतात चालतं. खरं का?
– होटगी रोड

उत्तर: भावा, हिशोब करू. तिथल्या नेहमीच्या रुलेटच्या चाकाला 38 घरं असतात: 18 लाल, 18 काळी आणि दोन हिरवी, 0 आणि 00. म्हणजे लाल यायची शक्यता 50 नाही, 47.4 टक्के. 10 डॉलरपासून सुरू केलंस तर 10, 20, 40, 80, 160, 320, सहा वेळा ओळीनं हरलास की 630 डॉलर गेले. पुढचा डाव 640 चा, आणि टेबलावर 500 ची मर्यादा लिहिलेली असली की संपलं. 10 पासून पुन्हापुन्हा सुरुवात केलीस तर 47 वेळांतून साधारण एकदा असं होणार. बाकीच्या 46 वेळा मिळणार प्रत्येकी 10, म्हणजे 460. आता बस वजाबाकी करत. काही टेबलांवर तर तिसरं हिरवं घरही टाकलंय, तिथं फिरकूच नको. खेळायचंच असेल तर एकच शून्य असलेलं चाक शोध, तिथं कसिनोचा वाटा 5.26 वरून 2.7 टक्क्यांवर येतो, पण कमीत कमी डाव मोठा असतो. दारू फुकट मिळते म्हणून बसून राहशील, ती त्यासाठीच असते (आणून देणाऱ्याला एक डॉलर टीप द्यायची). आणि स्लॉट मशीनवर मोठा जॅकपॉट लागलाच तर आपल्यासारख्या परदेशी माणसाचे 30 टक्के तिथंच कापून घेतात. खिशात किती घेऊन बसायचं ते आधी ठरव, बँकेचं कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेव.

प्रश्न: दोन दिवसच आहेत, त्यात व्हेगासहून ग्रँड कॅन्यन करून येता येईल का? एजंट म्हणतो आरामात.
– अक्कलकोट रोड

उत्तर: कुठला कॅन्यन ते एजंटला विचारलंत का? फोटोत दिसतो तो साऊथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा कडा, नॅशनल पार्कमधला. एका बाजूनं 450 किलोमीटर, गाडीनं साडेचार तास, म्हणजे पहाटे निघून रात्री परत आणि बघायला जेमतेम तीन तास, ह्याला आराम कोण म्हणतो? वेस्ट रिम जवळ, सव्वादोन-अडीच तास. ती हुआलापाई या मूळनिवासी लोकांची जमीन आहे. काचेचा स्कायवॉक तिथलाच, 2007 चा, पण त्यावर मोबाईल न्यायला बरीच वर्षं बंदी होती, आत्ता काय नियम आहे ते आधी विचारून घ्या. जाताना वाटेवर हूव्हर धरण लागतं, तिथं उतराच. उजनीवाल्यांना धरणाचं काय कौतुक म्हणाल, आणि लांबीत उजनी खरंच भारी आहे, अडीच किलोमीटर, हे चारशे मीटरही नाही. पण उंची 221 मीटर! कठड्यावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. मी तरी दोन दिवसांत वेस्ट रिम आणि धरणच सुचवेन. साऊथ रिमच हवा असेल तर व्हेगासची एक रात्र कमी करून तिथं मुक्काम करा, काही बिघडत नाही.