ती फिल्म आपल्या नळदुर्गची आहे का?

प्रश्न : सर, १७ सप्टेंबर जवळ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर दरवर्षी एकच व्हिडिओ फिरतो, खाली लिहिलेलं 'नळदुर्गच्या पुलावर भारतीय सैन्य, १९४८'. रणगाडे, धूर, वरून हेलिकॉप्टर जातंय, मागं नारळाची झाडं. आज्जी नव्वदीच्या पुढं आहे, तिला दाखवला तर म्हणली हे आपल्याकडचं न्हाई रे लेकरा. मग हे कुठलं?
– तुळजापूर तालुक्यातून एक वाचक

आज्जींना आधी माझा नमस्कार सांगा, त्यांचंच बरोबर आहे. व्हिडिओ कुठला ते तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून सांगता येणार नाही, पण नळदुर्गचा नाही हे नक्की, कारण हेलिकॉप्टर. आपल्या हवाई दलात पहिली हेलिकॉप्टरं आली १९५४ ला आणि पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई, झाली १३ ते १७ सप्टेंबर १९४८, तेव्हा वर होती ती टेम्पेस्ट लढाऊ विमानं. शिवाय बोरी नदीच्या काठाला नारळाची रांग कुठून येणार, तिथं काळा दगड, किल्ल्याचे बुरुज आणि भाद्रपदातलं गढूळ पाणी दिसायला पाहिजे.

पुढच्या वेळी अजून दोन गोष्टी बघा. एक म्हणजे सैनिकांच्या डोक्यावर काय आहे, त्या काळात आपल्या जवानांकडं पसरट थाळीसारखं लोखंडी टोप नाहीतर फेटा असायचा, त्यामुळं सगळेच गोल वाडग्यासारख्या टोपात दिसले की शंका घ्या. दुसरी म्हणजे आवाज. बातमीपटवाले रणभूमीवर जो कॅमेरा न्यायचे तो बहुतेक वेळा चावीवर चालणारा, मुका. १०० फुटांची रीळ बसायची त्यात, ती मिनिटभरात संपायची, की खाली बसून दुसरी भरा. तोफांचा आवाज, बँड, निवेदन हे सगळं नंतर स्टुडिओत चढवलेलं, म्हणून जुन्या फिल्ममधला धडामधूम ऐकून लगेच विश्वास ठेवू नका.

आणि नळदुर्गची खरी फिल्म मिळणं का अवघड ते पण सांगतो. जनरल जे. एन. चौधरींची फौज सोलापूरकडून निघाली ती १३ तारखेच्या पहाटे, अंधारात, अशा वेळी रणगाड्याच्या पुढं जाऊन कोण चित्रीकरण करणार. इंग्रजांच्या काळातला सरकारी बातमीपट १९४६ लाच बंद पडला होता आणि आपलं फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं तेच १९४८ मध्ये, म्हणजे काही महिन्यांचं पोर. मग कॅमेऱ्यात काय सापडतं, तर जे आधी ठरवून होतं ते : संचलन, भाषण, निजामाचे सेनापती अल एद्रूस जनरल चौधरींपुढं शरण आले तो १८ तारखेचा प्रसंग. तुमच्या आज्जी त्या दिवसांत कुठं होत्या, ज्वारीत लपल्या होत्या की बार्शीकडं पळाल्या होत्या, हे एकाही रिळावर नाही. ते विचारून घ्या, मोबाईल समोर ठेवून, याच आठवड्यात.

प्रश्न : शाळेत मुक्तिदिनाला जुनी क्लिप दाखवतात, लोक हार घालतायत, झेंडे हलवतायत. मला ते बघून आनंदच होतो. पण आमची नानी त्या दिवसांचं नाव काढलं की उठून आत जाते. तिच्या गावातलं कुणी कधी फिल्ममध्ये दिसेल का?
– नांदेड जिल्ह्यातून एक वाचक

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. बहुतेक नाही दिसणार. कॅमेरा सैन्याबरोबर आला, डांबरी सडकेनं आला आणि सडकेनंच पुढं हैदराबादला गेला, गावं राहिली आत. रजाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेनं, जाळलेली घरं जशी त्यात फारशी नाहीत, तसंच अ‍ॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही नाही. ते कागदावर मात्र आहे. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार वगैरे मंडळी फिरली, त्यांनी मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि तुमचं नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नव्हता. निजामाची राजवट गेली हे चांगलंच झालं, माझ्या मनात त्याबद्दल तीळभर शंका नाही, पण हारांची क्लिप दाखवताना हेही वर्गात सांगावं असं मला मनापासून वाटतं. नानींना मात्र खोदून विचारू नका. उठून आत जाणं हे पण त्यांचं सांगणंच आहे.

प्रश्न : आजोबा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पत्र्याच्या खोलीत त्यांच्या पेटीत ३५ एमएमचे तीन डबे सापडले, उघडले की व्हिनेगरसारखा वास येतो. प्रोजेक्टर भाड्यानं आणून बघू का?
– बीडहून

अजिबात नको! तेव्हा प्रत्येक खेळाआधी सरकारी बातमीपट लावावाच लागायचा, त्यामुळं तुमच्याकडं तसलं काही असूही शकतं. वास म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागलीय, ती आकसते आणि प्रोजेक्टरच्या दात्यात अडकून फाटते. तरी प्रत्येक रिळाच्या काठावर 'सेफ्टी' छापलंय का बघा, नसेल तर जुनी नायट्रेट असण्याची शक्यता धरा, ती भडकन पेटते, दिवाबत्तीपासून लांबच ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली काय भट्टी होते ते वेगळं सांगायला नको, तेव्हा डबे आजच खाली, थंड आणि कोरड्या जागी, वासाचे डबे बाकीच्यांपासून वेगळे. मग पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाशी बोला, त्यांचं कामच ते आहे. आणि डब्यावर चिकटवलेला कागद असेल तर तो पुसू नका, काढू नका, आजोबांच्या हातचं एखादं गाव किंवा तारीख असेल त्यावर, तिचा आधी फोटो काढून ठेवा.