परकायाप्रवेश, देहांतर की खोळ?

प्रश्न असा आला आहे: कथेचा नायक आजच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात झोपतो आणि 1931 सालच्या बडोद्यात जागा होतो, तेही दुसऱ्याच शरीरात. डाव्या हाताची किंचित वाकडी करंगळी दिसते आणि त्याला कळतं, हे तर आपले पणजोबा, बडोदा संस्थानाच्या हुजूर कचेरीतले कारकून. याला परकायाप्रवेश म्हणावं का? आणि ‘नवं शरीर त्याच्या अंगवळणी पडलं’ हे वाक्य चालेल का?

परकायाप्रवेश नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण ‘पर’ची नाही, पणजोबा कितीही आपले असले तरी देह दुसऱ्याचाच. अडचण ‘प्रवेशा’ची आहे. हा शब्द सिद्धीचा. पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपादात ‘परशरीरावेश’ येतो, तो चित्ताची बंधनं सैल झालेल्या योग्याला साधणारा. आद्य शंकराचार्यांच्या आख्यायिकेत अमरुक राजा मेलेला आहे, म्हणजे देह रिकामा. आचार्य ठरवून त्यात शिरतात आणि त्यांचा मूळ देह शिष्य राखत बसतात. तुमचा नायक ठरवून कुठेच गेलेला नाही. शिवाय चोखंदळ वाचक लगेच विचारणार, की मग तेवढा वेळ पणजोबांचा जीव कुठे होता? कथेत याचं उत्तर असेल तर हा शब्द खुशाल वापरा.

मी ‘देहांतर’ घेईन. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘देहान्तरप्राप्ति’ आहे: बालपण, तारुण्य, म्हातारपण जसं आपसूक येतं, तसाच दुसरा देह. इथे ‘अंतर’ म्हणजे दोन गावांमधलं अंतर नव्हे. ‘अंतर’ म्हणजे दुसरा. भाषांतर, ग्रामांतर, जन्मांतर यांत तोच आहे. (पाठांतराचं मात्र मराठीत वेगळंच झालं. संस्कृतात तो दुसरा पाठ, आपल्याकडे तोंडपाठ करणं.) कालांतर म्हणजेही मुळात दुसरा काळ, आपण त्याला ‘कालांतराने’मध्ये कोंडून ठेवलाय. पुराणातला ककुद्मी राजा आपल्या मुलीला, रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परतला तोवर पृथ्वीवर 27 चतुर्युगं उलटली होती. त्या दोघांचं कालांतर झालं, देह तेच राहिले. तुमच्या नायकाचं दोन्ही झालं, आणि दोन्हींना एकाच घडणीचे शब्द तयार आहेत.

देहांतर पुस्तकी वाटेल ही भीती बडोद्यात तरी बाळगू नका. न्यायमंदिर, कलाभवन ही नावं रोजच्या बोलण्यात असलेलं हे गाव. 1931 मध्येच संस्थानाने राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला. हुजूर कचेरीतल्या कारकुनाच्या घरात असा शब्द सहज शोभेल.

कायापालट आता बसस्थानकाचा होतो, तो सोडा. कायाकल्पात देह तोच राहतो, फक्त तरुण होतो.

आता अंगवळणी. एखादं काम, सवय, वेळ अंगवळणी पडते. अंगच अंगवळणी कसं पडेल? पण शब्द टाकून देऊ नका, त्याची जागा बदला. नायकाने जन्मात धोतर नेसलेलं नाही. सकाळी तो उभा राहतो, हात खाली जातात, निऱ्या बोटांवर भराभर चढतात आणि काचा मागे नेमका खोचला जातो. तिथे लिहा: ‘धोतर त्या हातांच्या अंगवळणी पडलेलं होतं.’ त्याच्या नव्हे, त्या हातांच्या. करंगळी मात्र ‘ओळखीची’, कारण ती त्याने स्वतःच्या हाताला पाहिली आहे. ओळख त्याची, सवय पणजोबांची. हा फरक प्रत्येक परिच्छेदात सांभाळलात तर ‘परिचित शरीर’ असं एकदाही लिहावं लागणार नाही.

आणखी एक शब्द सुचवतो, तो बडोद्याच्या बाहेर इतक्या सहज सुचणार नाही. जीव ज्यात राहतो त्या देहाला आपले गुजराती शेजारी ‘खोळियुं’ म्हणतात. जीव खोळियुं बदलतो. आपली गादीची खोळ तीच. मराठीत तिचा हा अर्थ रूढ नाही, पण गीतेतल्या जुन्या वस्त्रांच्या श्लोकावर वाढलेला वाचक तो चटकन पकडेल. निवेदनात देहांतर ठेवा. शेजारच्या मासीबाला खोळियुं म्हणू द्या, आणि नायकाच्या तोंडी द्या: ‘खोळ बदलली, पण घरातलीच निघाली.’