मॉन्स्टेराची (मोठ्या चिरलेल्या पानांचं घरातलं शोभेचं झाड) नवी पानं लहान आणि बिनचिरांची येतायत. हॉलमध्ये ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) लावू का?

तुम्ही लिहिलंय की कुंडी टीव्हीशेजारी आहे, खिडकीपासून दहा फुटांवर, आणि नर्सरीवाला म्हणाला, "इनडोअर आहे, ऊन दाखवू नका." हे 'ऊन दाखवू नका' मी लातुरात इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे हे झाड पुण्याच्या धाकट्या दिरांनी दिवाळीत आणलं आणि स्वतःच सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवलं. का, तर तिथं ते उठून दिसतं. "वहिनी, जंगलातलं झाड आहे, सावलीच लागते." जंगलातलं आहे हे खरं. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातलं. पण तिथं ते खाली अंधारात बसून राहत नाही. मोठ्या झाडाचं खोड धरून उजेडाकडे चढतं, आणि वर गेल्यावर पानं मोठी, चिरलेली होतात. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते मोजायचं फुकट ॲप मिळतं. मी लावून बघितलं. अंगणात भर दुपारी आकडा लाखाच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर दोन-तीन हजार, सोफ्यामागे शंभरसुद्धा नाही. आपल्याला तिथं पेपर वाचता येतो म्हणून उजेड आहे असं वाटतं. डोळे सांभाळून घेतात, पान नाही घेत.

त्यात आपल्याकडची घरं ऊन बाहेर ठेवायलाच बांधलेली. जुन्या घराला हातभर खिडकी आणि माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, उजेडापुरतं सवणं, बस. आता स्लॅब आला तरी सवय तीच: काचेला काळी फिल्म, वर जाड पडदा.

तर देठ लांबले, पानं तळहाताएवढी, माती पंधरा-पंधरा दिवस ओली, वर चिलटं. घरातले सगळे म्हणायले, पाणी जास्त होतंय. अहो, ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला पाणी जपून घाल म्हणून शिकवता? पाणी बेताचंच होतं. उजेड नसला की झाड पाणी ओढत नाही, आणि ओल्या मातीत मुळं कुजतात.

मी कुंडी पूर्वेच्या खिडकीत नेली. सकाळचं कोवळं ऊन, नंतर दिवसभर नुसता उजेड. झाड सुधारलं. मग एप्रिल आला आणि कूलर बाहेर निघाला. आमचा कूलर त्याच खिडकीत बसतो, आणि कूलर बसला की तिथला उजेड गेला. मामंजी म्हणाले, झाड हलव. मी म्हणाले, कूलर हलवा. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. शेवटी मी शून्य सावली दिवसाचं (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) पेपरातलं कात्रण काढून दाखवलं: लातुरात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. कूलर तिकडे गेला, आणि हवाही आधीपेक्षा गार येते हे मामंजींनी नंतर शेजाऱ्यांना सांगितलं. मला नाही.

म्हणून ते इंग्रजी व्हिडिओ बघून 'साउथ विंडो' शोधू नका. लंडनला डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम 15 अंश वर असतो, आपल्याकडे 48. इथं दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात चांगली. उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, तेवढं चालतं. पश्चिमेला मार्च ते जून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधल्याशिवाय ठेवायचंच नाही.

हे दिरांना कोण सांगणार! मे महिन्यात लग्नाला आले, मी मंगल कार्यालयात, आणि भाऊजींनी "जरा हवा लागू दे" म्हणून कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत नेऊन ठेवली. एका दुपारीत दोन पानं पांढरी पडली, मग तपकिरी, कागदासारखी. ते डाग भरून येत नसतात. सावलीतल्या पानाला ऊन दाखवायचं तर थोडं थोडं, दोन-तीन आठवडे वाढवत न्यावं लागतं. आणि आता हेच गृहस्थ प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, "मराठवाड्यात असली झाडं जगत नाहीत." भाऊजी, वाचत असाल तर तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमधल्या मॉन्स्टेराला एक तरी चीर आहे का? आमचं काथ्याच्या खांबावर माझ्या खांद्यापर्यंत आलंय, पानं सुपाएवढी. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर तुमचा नुसता अंगठा आला.

ग्रो लाइटचं: जांभळा घेऊ नका, हॉल लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. साधा पांढरा 15-20 वॅटचा एलईडी झाडाच्या दीड फूट वर, रोज दहा-बारा तास. पण आधी फिल्म काढा आणि कुंडी खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणा. बहुतेक लागणारच नाही.

हां, रोप अगदी लहान असेल, चार-पाच पानांचं, तर कितीही उजेड दिला तरी चिरा लगेच येत नाहीत. ते वयावर आहे. घरात रांगतं मूल असेल तर पान तोंडात जाणार नाही असं ठेवा, तोंड आणि घसा चांगलाच जळजळतो. आणि कूलर कुठल्या खिडकीत बसणार ते मार्चच्या आत ठरवून टाका.