नळ सोडल्यावर ती काय बोलली?

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे बाड वाचून झाले. समासात शेरे मारत बसण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावे असे वाटले. तुझ्या नगरीत कॅमेरे भरपूर आहेत. पहिल्या तीस पानांत मी सतरा मोजले, त्यांतला एक तर देवघरात आहे. पण एवढ्या नजरांपासून लपवण्यासारखे तुझ्या नायिकेपाशी काय आहे, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. ज्याच्यावर पाळत आहे त्याच्याजवळ दडवण्याजोगे काही नसेल, तर वाचकाला धास्ती वाटत नाही, नुसती यंत्रांची माहिती मिळते.

१९४९ साली आलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीचे, '१९८४'चे, पहिले प्रकरण पुन्हा एकदा सावकाश वाच. भिंतीतला टेलिस्क्रीन म्हणजे दाखवणारा आणि पाहणाराही पडदा. त्याच्या पलीकडे या क्षणी कोणी बसले आहे की नाही, हे कळायची सोय नसल्यामुळे माणसे कायम कोणीतरी पाहते आहे असे धरूनच वागतात, आणि पुढे ती सवय अंगात मुरते. नायक विन्स्टन स्मिथच्या खोलीत मात्र हे यंत्र नेहमीच्या भिंतीवर नसून खिडकीसमोरच्या लांब भिंतीत बसवलेले आहे, आणि त्यामुळे बाजूचा, बहुधा पुस्तकांच्या फळ्यांसाठी सोडलेला एक उथळ कोपरा त्याच्या नजरेतून सुटला आहे. तिथे अंग चोरून बसले तर आवाज ऐकू जातो, माणूस दिसत नाही. एवढ्या मोठ्या राज्यात त्याच्या वाट्याला आलेला आडोसा तेवढाच.

तिथे तो जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली, पिवळसर पडलेल्या गुळगुळीत कागदाची वही उघडतो, आणि त्याला काही सुचतच नाही. वर्षानुवर्षे डोक्यात चाललेले बोलणे टाक कागदाला टेकताच आटते. आजची तारीख नक्की कोणती आणि आपण लिहितो आहोत ते कोणासाठी, हेही त्याला धड सांगता येत नाही. रोजनिशी लिहिणे बेकायदा नाही, कारण तिथे कायदेच उरलेले नाहीत. पण पकडले गेल्यास मृत्यू, नाहीतर निदान पंचवीस वर्षे सक्तमजुरीची छावणी. मला हे सुचत नसणे त्या शिक्षेपेक्षा भयंकर वाटते. तुझी नायिका पहिल्याच एकांतात स्वातंत्र्यावर खणखणीत भाषण करते, ते म्हणूनच पटले नाही. जन्मभर गप्प राहिलेल्या माणसाला वाचा फुटते ती अडखळतच.

दुसरे पुस्तक रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांचे. त्याच्या नावाचा अर्थ 'आम्ही', पण तो रशियन शब्द आपल्या कानांना जवळजवळ 'मी' असा ऐकू येतो. ही गंमत त्यांना ठाऊक असती तर आवडली असती. १९२४ मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले, मायदेशी मात्र १९८८ पर्यंत छापले गेले नाही. इथे कोपराही नाही. घरे काचेची, आणि पडदे ओढायचे ते नेमलेल्या वेळी, शरीरसंबंधासाठी राज्याने दिलेली गुलाबी चिठ्ठी हाती असेल तरच. डी-५०३ या अभियंत्याला त्याचे दुःख नाही, उलट अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याचे चित्रण विन्स्टनपेक्षा अवघड आहे असे माझे मत. राज्याची थोरवी गाण्यासाठी तो टिपणे लिहू लागतो, आणि प्रेमात पडल्यावर नकळत त्याच टिपणांत स्वतःची लबाडी, मत्सर, स्वप्ने उतरवत जातो. काचेच्या घरात त्याला आडोसा मिळतो तो कागदावर. शेवटी शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून टाकल्यावर त्या पानांवर अक्षर त्याचेच राहते, पण लिहिणारा तो राहत नाही.

तेव्हा कॅमेरे सतरावरून दोनतीनवर आण. देवघरातला ठेव, तो छान आहे. आणि सहाव्या प्रकरणात तुझी नायिका रात्री स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडते, बहिणीला जवळ ओढते, आणि प्रकरण तिथेच संपते. पाण्याच्या आवाजाखाली ती काय बोलली, तेवढे पान आधी लिहून मला पाठव.

तुझा शुभचिंतक