साताऱ्यात राहतो. भुतंखेतं, मरण, मरणानंतरचं असलं मराठीत काय वाचू, काय बघू?

आधी नारायण धारप. वाचनालयात त्यांची पुस्तकं जाड पुठ्ठ्यात बांधलेली, कोपरे झिजलेली दिसतील; जागेवर सापडली की लगेच उचला. 'समर्थ' मालिका, म्हणजे दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या समर्थ नावाच्या नायकाच्या कथा, मात्र मागाहून. समर्थ आले की सगळं निभावणार हे कळतं आणि निम्मी भीती तिथंच जाते.

प्रवासात वाचायला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. पुण्याच्या एसटीत खंबाटकी येईपर्यंत एखादी संपतेच.

सिनेमात 'तुंबाड' (२०१८). हिंदी आहे, पण पाऊस, वाडा, माणसं सगळी आपली. त्यामागं धारपांच्या कथेची प्रेरणा आहेच.

मरणाबद्दल गंभीर हवं असेल तर कठोपनिषदाचं एखादं मराठी भाषांतर घ्या. नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि मेल्यावर माणसाचं काय होतं ते विचारतो. यम टाळतो. हत्ती-घोडे घे, सोनं घे, दीर्घायुष्य घे, पण हे नको विचारूस! पोरगं हटत नाही. इतका ओशाळलेला यम दुसरीकडे क्वचितच भेटेल.

आणि रात्री एकट्यानं परसात जायची भीती वाटायला लागली, तर अंधश्रद्धेविरुद्ध लढलेले आपल्याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वाचा.